पाथरवटाला आलेलं पत्र

ज्यूड फॉली पाच विद्वानांना पत्रं लिहितो. ही पाच माणसं त्यानं निवडलेली असतात ती चेहऱ्यांवरून. क्राइस्टमिन्स्टरच्या रस्त्यांवर येता-जाता जे समंजस दिसले, ज्यांना दुसऱ्याची कदर असेल असं वाटलं, त्यांना तो आपली हकीकत कळवतो. आजवर काय काय वाचलं, आता पुढं शिकायचंय, मार्ग सांगा. दिवसामागून दिवस जातात. शेवटी उत्तर येतं ते एकाचंच, बिब्लिऑल कॉलेजच्या प्रमुखाचं. तुमचं पत्र वाचलं, तुम्ही स्वतःला कामगार म्हणवता त्यावरून वाटतं, की आपल्या पायरीवर राहून आपलाच धंदा धरून ठेवलात तर आयुष्यात यशाची शक्यता पुष्कळ जास्त आहे. म्हणून माझा सल्ला तोच. खाली सही. आणि ज्याला पाठवलं त्याचं नाव : मि. जे. फॉली, पाथरवट.

थॉमस हार्डीच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ या १८९५ सालच्या कादंबरीत याहून कितीतरी भयंकर प्रसंग आहेत. एका सकाळी तीन मुलं फासाला लटकलेली सापडतात. तरी ही कादंबरी पुन्हा उघडली की मी अडकते ती या चार ओळींशी. त्यांत एकही अपशब्द नाही. लिहिणाऱ्याला आपण कुणाचं वाईट केलं असं वाटलंही नसेल. त्याच्या दृष्टीनं ते भल्याचंच सांगणं होतं, आणि ज्यूडच्या वाट्याला ते असं भल्याच्या रूपात आलं हेच मला सहन होत नाही. शिवी आली असती तर निदान भांडता आलं असतं.

ज्यूड पोरका. मेरीग्रीन नावाच्या खेड्यात आत्येआजी द्रुसिला पाव भाजून विकते, तिच्या आसऱ्याला तो वाढतो. अकरा वर्षांचा असताना दिवसाला सहा पेन्सवर शेतातली पाखरं हाकलायच्या कामाला लागतो आणि पाखरांनाही भूक असते म्हणून त्यांना खाऊ देतो. शेतकरी त्याला बडवून काढतो. गावचे मास्तर फिलॉट्सन पदवी घ्यायला क्राइस्टमिन्स्टरला निघून गेलेले असतात. तेव्हापासून माळावरच्या एका जुन्या कोठाराच्या शिडीवर चढून हा पोरगा क्षितिजावर त्या शहराचे कळस शोधत राहतो. क्राइस्टमिन्स्टर म्हणजे ऑक्सफर्ड. हार्डीनं नाव बदललं, बाकी काही झाकलं नाही.

पुढं लॅटिन आणि ग्रीकची व्याकरणं त्याच्या हातात पडतात तेव्हाचं एक पान मला फार जवळचं आहे. ज्यूडची समजूत अशी, की व्याकरण म्हणजे एक किल्ली असणार. एकदा नियम कळला की आपल्या भाषेतला कुठलाही शब्द उलटवून त्याचं लॅटिन करता येईल. पुस्तक उघडतो तर कळतं, की शब्दन् शब्द पाठ करावा लागणार, हजारो शब्द, वर्षानुवर्षं. आपण जन्मालाच आलो नसतो तर बरं, असं त्याला तिथं वाटून जातं. कुणी वडीलधारं माणूस त्या वेळी शेजारी असतं तर हसून म्हणालं असतं, अरे, सगळ्यांचंच असं असतं. पण कुणी येत नाही, असं हार्डी लिहितो, कारण कुणी येतच नसतं. तरीही मुलगा शिकतो. पावाची गाडी हाकताना लगाम हाताला गुंडाळून, मांडीवर पुस्तक ठेवून तो सीझर वाचतो, व्हर्जिल वाचतो, होरेस वाचतो. घोडी बिचारी वाट ओळखून चालते.

मग पोटासाठी तो दगड घडवायला शिकतो, आणि क्राइस्टमिन्स्टरला पोचतो तो त्याच कॉलेजांच्या झिजलेल्या भिंती दुरुस्त करायला. विद्यार्थी त्याच्या अंगावरून जातात, त्यांना तो दिसत नाही. पहिल्याच दिवसांत तो कामाच्या वाड्यात उभा असतो. नवे घडवलेले दगड पाहताना त्याच्या मनात क्षणभर लख्ख उजेड पडतो, की इथं जे चाललंय ते कॉलेजातल्या अभ्यासाच्या तोडीचंच आहे. पण जुन्या ध्यासाखाली तो उजेड विझतो.

माझे बाबा पुण्यात एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. जुन्या सातवीनंतर शाळा सुटलेली. एम.ए.च्या मुलांसाठी निघणारी संस्कृतची पुस्तकं त्यांनी अक्षर अक्षर वेचून उभी केली. केसमधून खिळा उचलायचा, स्टिकवर लावायचा, सगळं उलटं, आरशात दिसावं तसं, आणि ते उलटंच वाचायचं. अवघड जोडाक्षरांचं काम आलं की मालक ते बाबांच्याच टेबलावर ठेवत. एखाद्या प्रूफात लेखकाचीच विभक्तीची चूक राहिली तर बाबा समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह करत. चूक दुरुस्त होऊन यायची, पुस्तक छापून व्हायचं, आणि बाबा पुढच्या कामाला लागायचे. त्यांचं शिक्षण कसं हुकलं ही आमच्या घरातली मोठी गोष्ट होती. पाहुणे आले की ती सांगितली जायची. ‘यांना शिकायला मिळालं असतं तर...’ असं वाक्य सुरू झालं की आम्ही भावंडं गप्प बसायचो.

ज्यूडनं हिशोबही करून पाहिलेला असतो. शिष्यवृत्ती मिळवायची तर लहानपणापासून शिकवणीत घोटून तयार झालेल्या मुलांशी टक्कर. पैसे भरून जायचं तर हातात पडणाऱ्या मजुरीतून शिल्लक टाकून पंधरा वर्षं. दोन्ही वाटा बंद, म्हणून ती पत्रं. उत्तर आल्यावर तो दारू पितो, आणि रात्री कॉलेजच्या दारापाशी येऊन खिशातला खडू काढतो. गवंडीकाम करणाऱ्याच्या खिशात असतो तसला खडू. भिंतीवर तो बायबलातल्या ईयोबाचं वचन लिहितो : तुमच्याइतकीच मलाही समज आहे; मी तुमच्याहून कमी नाही.

हे हार्डीनं ऐकीव लिहिलेलं नाही. त्याचे वडील गवंडी, घरं बांधणारे. आई लग्नाआधी लोकांच्या घरी स्वयंपाकाला होती. सोळाव्या वर्षी तो डॉर्चेस्टरच्या जॉन हिक्स या वास्तुविशारदाकडं उमेदवारीला लागला आणि कामाआधी पहाटे उठून ग्रीक वाचू लागला. ग्रीक नाटकं पुढं चालू ठेवू का, असं त्यानं होरेस मूल या शिकलेल्या मित्राला विचारलं. मूल म्हणाला, पोट वास्तुकलेवर भरायचं असेल तर त्याकडंच लक्ष दे. हार्डीनं ऐकलं. पुढं १८८८ च्या एप्रिलमध्ये त्यानं वहीत टिपून ठेवलं, की ऑक्सफर्डला जाऊ न शकलेल्या एका तरुणाची गोष्ट लिहायची. यात जगाला दाखवायला हवं असं काही आहे आणि ते दाखवणारा माणूस मीच आहे. इतका ठाम हार्डी क्वचित सापडतो.

इथवर ही ज्यूडची गोष्ट, आणि बहुतेक जण ती इथवरच सांगतात. पण या कादंबरीत ज्यूडपेक्षा तल्लख डोकं आहे ते त्याच्या मामे-आते नात्यातल्या सू ब्राइडहेडचं. ज्यूड तिला पहिल्यांदा पाहतो तेव्हा ती चर्चच्या वस्तू विकणाऱ्या दुकानात बसून जस्ताच्या पत्र्यावर ‘आलेलुया’ अक्षरं रंगवत असते. हात देवाच्या कामाला, आणि खोलीत लपवलेल्या व्हीनस आणि अपोलोच्या प्लास्टरच्या मूर्ती. घरमालकीण विचारते, या कुणाच्या? सू सांगते, संत पीटर आणि मारिया माग्दालेना. पुढं खरं कळल्यावर बाई त्या मूर्ती पायाखाली चिरडते. सूनं इतिहासकार गिबन वाचलेला आहे, विचारवंत मिल वाचलेला आहे. बायबलातली प्रकरणं कापून, कोणतं आधी लिहिलं गेलं त्या क्रमानं तिनं आपली वेगळी पोथी बांधून घेतलेली आहे. ज्यूड ज्या जुन्या विद्येपुढं हात जोडून उभा आहे, तिच्यातलं काय शिळं झालंय ते सूला कधीच कळून चुकलेलं आहे.

आणि तरी सू कुणालाही पत्र लिहीत नाही. ती कुणाला लिहिणार? ज्यूडला निदान एक शहर होतं, त्याचे कळस दिसत होते. आपल्याला काय हवं ते एका शब्दात सांगता येत होतं आणि नकार कुठून आला तो पत्ताही ठाऊक होता. ऑक्सफर्डला मुलींसाठी पहिली दोन वसतिगृहं उघडली ती १८७९ मध्ये, तीही घरची ऐपत असलेल्या मुलींसाठी. कारागिराच्या मुलीला शिडी एकच होती, मास्तरीण होण्याची. हार्डीच्या दोन्ही बहिणी, मेरी आणि केट, सॉल्झबरीच्या अध्यापिका विद्यालयात शिकलेल्या. कादंबरीतलं मेल्चेस्टरचं विद्यालय त्यावरूनच आलं. तिथं सत्तर मुली आहेत, बहुतेक एकोणीस ते एकवीस वयाच्या. कुणी कारागिराची, कुणी दुकानदाराची, कुणी शिपायाची, कुणी गवळ्याची. रात्री लांबलचक खोलीत गॅसच्या दिव्यांखाली त्या ओळीनं झोपलेल्या असतात, आणि हार्डी म्हणतो, प्रत्येकीच्या चेहऱ्यावर ‘दुबळी’ असा शिक्का आहे. सू ज्यूडबरोबर फिरायला गेलेली असताना गाडी चुकते, रात्रभर बाहेर राहावं लागतं. शिक्षा म्हणून तिला एका खोलीत कोंडतात. ती खिडकीतून उतरते, नदीच्या खोल पाण्यातून चालत पलीकडं जाते आणि भिजून निथळत ज्यूडच्या दारात उभी राहते. तिचे कपडे वाळेपर्यंत ज्यूडचा रविवारचा ठेवणीतला सूट घालून ती शेकोटीपाशी बसते. पुरुषाच्या कपड्यांतली सू तिथं किती मोकळेपणानं बोलते, ते वाचण्यासारखं आहे. विद्यालय तिला परत घेत नाही. शिडी काढून घेतली जाते.

आमच्या घरी आई बायंडरकडून फर्मे, म्हणजे पुस्तकाचे छापलेले पण न दुमडलेले कागद, आणायची. रात्री जेवणं झाली की सतरंजी अंथरून लाकडी पट्टीनं घड्या घालत बसायची. एक फर्मा सोळा पानांचा. घडी घालताना ती वाचायची, पण फर्मे काही क्रमानं यायचे नाहीत. कादंबरीची सतरा ते बत्तीस पानं एका रात्री, एकदम एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस दुसऱ्या रात्री, मधलं आणि शेवटचं दुसऱ्याच कुणाच्या घरी. ती मधलं स्वतःच्या मनानं जुळवायची आणि मला सांगायची. पुढं मी त्यातली काही पुस्तकं मिळवून वाचली. एकदोनदा आईची जुळवणी मला जास्त पटली. पण पाहुण्यांसमोर ‘यांना शिकायला मिळालं असतं तर’ हे वाक्य आईबद्दल कुणी कधी उच्चारलं नाही. मीही नाही. ती कितवीपर्यंत शिकली हेही मी फार उशिरा विचारलं. ‘चौथी,’ म्हणाली आणि विषय बदलला. सू वाचताना मला आईची ती सतरंजी आठवते, आणि ज्यूडची शोकांतिका सगळ्यांना का दिसते अन् सूची का दिसत नाही, याचं उत्तर मिळतं. हुकलं म्हणायला आधी कधीतरी ते तुमचं असू शकत होतं, एवढं तरी लोकांनी मानायला लागतं.

सू फिलॉट्सन मास्तरांशी लग्न करते. त्यांचं शरीर तिला सोसत नाही. एका रात्री ते चुकून तिच्या खोलीत येतात तर ती खिडकीतून उडी टाकते. मला वेगळं राहू द्या, असं ती मागते आणि आधाराला मिलचं वाक्य देते, की जो आपल्या आयुष्याचा बेत जगाला ठरवू देतो त्याला माकडाची नक्कल सोडून दुसऱ्या कुठल्याच गुणाची गरज नसते. मास्तर वैतागतात : मला मिलशी काय करायचंय, मला फक्त शांतपणे जगायचंय! पण हा माणूस मनानं मोठा आहे. तो तिला ज्यूडकडं जाऊ देतो. आणि बायकोला जाऊ दिलं म्हणून त्याची नोकरी जाते.

हे वाचताना मराठी वाचकाला रखमाबाई आठवणारच. नांदायला ये, असा हुकूम मागायचा दावा आपल्याकडच्या शास्त्रांतला नव्हे. तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून मुंबईच्या कोर्टात आलेला. १८८४ मध्ये नवऱ्यानं, दादाजीनं, तो रखमाबाईंवर लावला, आणि त्याच साली इंग्लंडनं स्वतःच्या कायद्यातून असा हुकूम न पाळणाऱ्या बाईला तुरुंगात टाकायची तरतूद काढली. १८८७ च्या मार्चमध्ये मुंबईत न्यायमूर्ती फॅरन यांनी मात्र नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने कैद, असा निकाल दिला. नवऱ्याला बायको जबरदस्तीनं कोंडून ठेवता येणार नाही, हे इंग्लंडच्या वरच्या कोर्टानं जॅक्सन खटल्यात स्पष्ट म्हटलं ते १८९१ मध्ये, सू छापून येण्याच्या चारच वर्षं आधी.

आणखी एक धागा आहे, आणि तो हाती लागला तेव्हा मी नकाशा घेऊन बसले होते. ज्यूड दगडकाम शिकतो ते आल्फ्रेडस्टन गावी. ते म्हणजे तेव्हाच्या बर्कशरमधलं वाँटेज, आल्फ्रेड राजाचं जन्मगाव. मेरीग्रीन म्हणजे तिथून काही मैलांवरचं फॉली, जिथं हार्डीच्या आजीचं बालपण गेलं. कादंबरीच्या तयारीत हार्डी १८९२ मध्ये तिथं जाऊन आला. याच वाँटेजच्या सिस्टरांच्या मठात १८८३ मध्ये पंडिता रमाबाई उतरल्या होत्या. डॉक्टर व्हायचं म्हणून त्या इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत होतं, त्यामुळं ती वाट बंद झाली. सप्टेंबरमध्ये वाँटेजलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवत होत्या. मुलग्यांनाही त्यांनी शिकवावं अशी कल्पना निघाली तेव्हा लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली, की हे हिंदुस्थानात बरं दिसणार नाही. कलकत्त्याच्या पंडितांनी पदवी दिलेली ही बाई. तिच्या विद्येबद्दल शंका कुणालाच नव्हती. ज्यूडला आलेल्या पत्रासारखीच ही भाषाही सभ्य, हिताची. फरक इतकाच, की रमाबाई त्या भाषेला उत्तर देत राहिल्या. त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनला लिहिलेली पत्रं वाचली की सूला अशी एखादी लेखणी का मिळाली नसेल, असं वाटत राहतं.

अ‍ॅराबेलाबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. ज्यूडची बायको, डुकरं पाळणाऱ्याची मुलगी, ज्यूडला खोट्या दिवसांची थाप मारून लग्नाला उभं करणारी, लग्नाच्या रात्री केसांचा गंगावन काढून आरशावर टांगणारी. पण डुक्कर मारायचा प्रसंग नीट वाचावा. बर्फ पडल्यानं खाटीक येत नाही, जनावर आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेलं, ज्यूडलाच सुरी घ्यावी लागते. ती बजावते, हळू मरू दे, रक्त नीट निथळलं पाहिजे, मांस लाल राहिलं तर दर वीस पौंडांमागं शिलिंग बुडेल. ज्यूडला बघवत नाही, तो एका घावात संपवतो, रक्ताचं भांडं लवंडतं. ती चिडते, आणि म्हणते, गरिबांना जगायला नको का. दुसऱ्या दिवशी चरबी वितळवताना तिच्या तेलकट हातांनी ज्यूडची पुस्तकं उचलून जमिनीवर फेकली जातात, पुठ्ठ्यांवर बोटांचे ठसे उठतात. ती पुस्तकं पाहून मलाही कळवळतं. पण त्या घरात महिना कसा निघणार याचा हिशोब फक्त तीच करत असते. तिचाही एक ध्यास आहे, बरा संसार आणि कमावता नवरा. तिच्यापाशी तो मिळवायला होरेस नव्हता. अंग होतं आणि अक्कल होती. ती दारूच्या गुत्त्यात राबते, ऑस्ट्रेलियाला जाते, परत येते, आणि शेवटपर्यंत उभी असते ती एकटीच.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या ज्यूड आणि सूच्या मुलांच्या मृत्यूपाशी हार्डीचा हात जड पडलाय असं माझं मत आहे. धाकट्या दोघांना फास लावून स्वतःही लटकणारा, ‘फादर टाइम’ म्हणून ओळखला जाणारा तो म्हाताऱ्या चेहऱ्याचा अ‍ॅराबेलाचा मुलगा माणसापेक्षा कल्पनाच जास्त वाटतो. पण त्याआधीची संध्याकाळ मात्र पूर्ण खरी आहे. कॉलेजच्या समारंभाचा दिवस, पाऊस. मुलांना घेऊन ज्यूड जागा शोधायच्या आधी मिरवणूक बघायला गर्दीत थांबतो, कारण अजूनही त्याला ते शहर सुटत नाही. गर्दीतल्या लोकांना तो सांगतो, मी जे एका पिढीत करू पाहिलं त्याला दोन-तीन पिढ्या लागतात. मग दारोदार नकार. एका घरी खोली मिळते तीही बाई आणि मुलांपुरती. घरमालकीण विचारते, लग्न झालंय ना? सू खोटं बोलू शकली असती. ती खरं सांगते, आणि उद्या खोली सोडायला लागते. खिडकीसमोर एका कॉलेजची काळी, बिनखिडक्यांची भिंत. मोठा मुलगा विचारत राहतो, आम्ही नसतो तर तुम्हाला जागा मिळाली असती ना?

त्यानंतर ज्यूडचं शरीर मोडतं आणि सूचं मन. ती देवाकडं वळते, हे सगळं माझ्या पापाचं शासन आहे म्हणते, आणि नको असलेल्या नवऱ्याकडं परत जायला निघते. तेव्हा ज्यूड, हा आपला ज्यूड, तिला विचारतो : बाई ही स्वतंत्र विचार करणारी व्यक्ती असते तरी का, की नेहमी पूर्णांक शोधणारा नुसता अपूर्णांक? ज्याला एका विद्वानानं धंद्यावरून मोजलं, तो आपल्या लाडक्या मैत्रिणीला बाईपणावरून मोजतो. हार्डीनं हे त्याच्या तोंडी घातलं आणि सारवासारव केली नाही, यासाठी मी त्याला फार मानते. सूचं खचणं हा बाईच्या बुद्धीचा दोष म्हणून जे समीक्षक सांगतात, त्यांनी तिची बेरीज करून पाहावी. मूर्ती चिरडल्या, विद्यालयानं काढलं, नोकरी नाही, घर नाही, दोन पोटची आणि एक सांभाळलेलं मूल एका सकाळी गेलं, पोटात होतं ते मेलेलंच जन्मलं. इतकं झाल्यावर ज्यूड दारूकडं वळला, ती वेदीकडं. त्याला आपण दुर्दैव म्हणतो आणि तिला दुबळेपणा.

कादंबरी आली आणि गहजब झाला. वेकफील्डच्या बिशपांनी ती आगीत टाकल्याचं जाहीर केलं. लग्नसंस्थेविरुद्धचा कट म्हणून कादंबरीकार मिसेस ऑलिफंट यांनी तिच्यावर तुटून पडणारा लेख लिहिला. हार्डीनं त्यानंतर नवी कादंबरी लिहिली नाही. उरलेलं आयुष्य कवितेला दिलं. १८९९ मध्ये ऑक्सफर्डला कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघालं, आणि त्याला ज्यूडचंच नाव द्यायला हवं होतं असं काही वाचकांनी म्हटल्याचं हार्डीनं पुढं प्रस्तावनेत नोंदवलं. १९२० मध्ये ऑक्सफर्डनं हार्डीला सन्मानाची डॉक्टरेट दिली. बायकांना पदव्या द्यायला विद्यापीठानं सुरुवात केली तीही त्याच वर्षी. ज्यूडच्या नावाचं कॉलेज हवं होतं हे लोकांना सुचलं. सूच्या नावानं काही हवं असं कुणाला सुचल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही, आणि मला ते हवं आहे.